एका चुलीवर किती जण

भाकीत खरं ठरल्याचं साहेब स्वतः टेबलापाशी येऊन सांगून गेले, तेव्हा वुर्यानीला आधी आनंद झाला आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. त्या वर्षी जाकार्तात आनंद व्हावा असं काही उरलं नव्हतं. रुपिया मातीमोल झाला होता, बँका एकामागून एक बसत होत्या, अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या सळ्या आभाळात तशाच गंजत उभ्या होत्या. आणि ही आपली खूश, का, तर सगळं हिने सांगितलं तसंच घडतंय म्हणून.

संकट आलं की कोणाच्या घरची कमाई किती घटेल आणि कोण गरिबीत ढकललं जाईल, हे आधीच सांगायचं, हे तिचं काम. जुन्या पाहणीतली हजारो घरं संगणकात घालायची, वरून भाववाढ आणि बेकारी ओतायची आणि काय शिजतं ते बघायचं. तिच्या संगणकात शिजलं ते असं: शहर बुडेल, खेडं तरेल. तांदळाचे भाव चढले की तांदूळ पिकवणाऱ्याचं भलंच होणार, यात चुकायला जागा कुठे आहे? आता फेरपाहणीतल्या पहिल्या गावांचे आकडे आले होते आणि माणशी कमाई तिने सांगितली तेवढीच भरत होती. तेव्हा सरकारचा स्वस्त तांदूळ शहरांना द्यायचा आणि खेडी वगळायची, असं वरच्या लोकांच्या मनात पक्कं होत आलं होतं. पुढच्या आठवड्यात सही व्हायची होती.

"सुंबेरवारूची पाहणी राहिलीय. तुझंच गाव ना ते?" साहेब म्हणाले. "जाऊन ये. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं बरं असतं. आईबापही भेटतील."

वुर्यानी निघाली. भेटायचं होतंच, आणि आईबापांपेक्षाही धाकट्या बहिणीला, रुस्मीला. रुस्मीचा नवरा दार्सोनो गवंड्यांचा मुकादम होता. जाकार्तात त्याच्या हाताखाली तीस माणसं राबत. बांधकामं थांबली तेव्हा रुस्मीने फोन केला होता, आता काय करू म्हणून. वुर्यानीने मागचापुढचा विचार न करता सांगून टाकलं होतं, "गावाला जा. गावाला काही होणार नाही. मी हिशेब केलाय."

"तुझा संगणक जेवायला वाढणार आहे का, म्बाक?" रुस्मी हसली होती. थोरल्या बहिणीला ती नेहमी म्बाक म्हणे, चिडवताना जरा लांबवून. पण ऐकलं तिने. त्याच आठवड्यात बिऱ्हाड गुंडाळून ती गावी गेली. त्याला आता सहा महिने होत आले होते.

वुर्यानी घरी पोचली ती दुपारी. बाप मार्तोरेजो ओसरीवर बसला होता. तिला बघून उठला, हसला, आणि तो हसल्यावर त्याच्या गालांची हाडं वर आली, ती बघून तिचं काळीज चरकलं. आत रुस्मीची चार मुलं, दार्सोनो, आणि कोपऱ्यात चटईवर दार्सोनोची म्हातारी आई. जावयाने सासऱ्याच्या घरात राहणं म्हणजे तसंही मान खाली घालणंच. इथे तर जावई आईलाही घेऊन आला होता. तिला बघून त्याने मान लववली आणि तो उठून कामाला गेला. मागच्या दारी विहिरीचा कठडा नव्याने बांधत होता. तो कठडा, नंतर कळलं, त्याने तीनदा पाडून तीनदा बांधला होता.

आईने जेवायला वाढलं. वुर्यानीच्या ताटात पांढरा भात, तळलेलं अंडं, तिखट साम्बाल चटणी. तिने घास उचलला आणि पाहिलं तर रुस्मीच्या पोरांच्या ताटल्यांत तिवुल होतं, वाळवलेल्या कसाव्याच्या पिठाचं, तपकिरी, चिकट. दुष्काळातलं अन्न. तिच्या लहानपणी आई म्हणायची, शेजारी येऊन उभा राहिला तर तिवुलाचं भांडं झाकून ठेवावं. धाकटी पोरगी ताटली हातात धरून मावशीच्या ताटातल्या अंड्याकडे बघत होती. मागत नव्हती, नुसती बघत होती.

"इबू, हे काय आहे?" वुर्यानीने आईला विचारलं.

"पोरांना आवडतं," आई म्हणाली.

"तांदूळ कुठे गेला? आपलं शेत आहे."

"शेत आहे म्हणजे काय, अंगणाएवढं. पीक आलं, खाल्लं, संपलं. आता विकतच आणायचा, आणि भाव काय झालाय ते तू आम्हाला सांगायचं की आम्ही तुला?"

भाव तिला तोंडपाठ होता. या घरालाच तांदूळ विकत घ्यावा लागतो, एवढंच तिला ठाऊक नव्हतं. स्वतःच्या आईच्या घरी. तिने ताट पोरीपुढे सरकवलं, तर आईने ते परत तिच्यापुढे ठेवलं.

"तू जेव. तू शहरातून आलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणीवाली आली. बू एन्दांग, जिल्ह्याच्या कचेरीतली, जाडजूड, बडबडी, मोपेडवर. वुर्यानी कोण आहे ते कळल्यावर ती जरा सावरून बसली, पण तिची जीभ काही सावरली नाही.

"मोठ्या कचेरीच्या बाई समोर बसल्यात, आज अक्षर नीट काढायला हवं. हं, पाक मार्तो, एका चुलीवर किती जण जेवता?"

"दोघं," मार्तोरेजो म्हणाला.

विहिरीवरचा थापीचा आवाज थांबला. रुस्मी दारात धाकटीला कडेवर घेऊन उभी होती. म्हातारी चटईवर खोकत होती.

"आणि हे सगळे?"

"पाहुणे आहेत."

"केव्हा आले?"

"आत्ताच आलेत. जातील."

"सहा महिन्यांच्या आतले पाहुणे आम्ही धरत नाही," एन्दांगने मान वर न करता लिहिलं. "यंदा पाहुण्यांचा सुकाळच आहे बाई. ज्या गावात जावं तिथे घरोघरी पाहुणे. लग्नसराई म्हणावी तर मांडव कुठे दिसत नाही."

वुर्यानीला हसू आलं नाही. घर म्हणजे काय, हे तिनेच कितीदा नवख्यांना शिकवलं होतं: एक चूल म्हणजे एक घर. शहरातल्या विझलेल्या चुली इथे येऊन या चुलीत मिसळल्या होत्या आणि तिच्या संगणकात त्या अजून तिथेच जळत होत्या. इथे दोघांची कमाई नऊ जण खात होते आणि ती भागली जात होती दोघांत. म्हणून आकडे जुळले होते. तिचं भाकीत खरं ठरलं नव्हतं, गावोगावच्या म्हाताऱ्यांनी पोराबाळांची अब्रू झाकायला खोटं बोलून ते खरं केलं होतं. आणि त्या खोट्याच्या जोरावर पुढच्या आठवड्यात यांचा तांदूळ तोडला जाणार होता.

"बू एन्दांग, नऊ लिहा," ती म्हणाली.

आईने चुलीत उगाचच एक काटकी सारली.

"बापाक, खरं सांगितलं नाही तर गावाला तांदूळ मिळणार नाही," वुर्यानी बापाकडे वळली. "हे पाहुणे नाहीत. सहा महिने इथेच जेवताहेत. लाज कसली त्यात?"

मार्तोरेजोने तिच्याकडे पाहिलं. आवाज त्याने आयुष्यात कधी चढवला नव्हता, आताही चढवला नाही. फक्त बोली बदलली. जन्मापासून जिला 'तू' म्हटलं त्या लेकीशी तो राजवाड्यातल्यासारखं अदबीचं बोलू लागला.

"आपण शिकलेल्या आहात. आपल्याला वाटेल ते आपण सांगावं. घर आपलंच आहे."

थोबाडीत बसली असती तरी वुर्यानीला इतकं लागलं नसतं.

एन्दांग बिचारी नियमाला बांधलेली. नऊ लिहायचे तर नऊ जणांची नावं, वय, काम. तिने दार्सोनोला हाक मारली. तो हात न धुता आला, कोपरापर्यंत सिमेंट.

"काम काय करता?"

"गवंडी."

"सध्या?"

दार्सोनोने सासऱ्याकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं नाही. "नाही," तो म्हणाला.

"म्हणजे पोसतं कोण?" विचारलं आणि विचारल्यावर एन्दांगलाच कसंसं झालं. "नाही, म्हणजे, इथे तसा रकाना आहे म्हणून…"

"हे," दार्सोनो म्हणाला, आणि अंगठ्याने, जावा बेटावरचा माणूस मोठ्यांकडे बोट करत नाही म्हणून अंगठ्याने, मार्तोरेजोकडे दाखवलं.

रुस्मीची माणसं उन्हं डोक्यावर यायच्या आत निघाली. दार्सोनोने आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला, सासऱ्यासमोर मांडी घालून बसला आणि निरोप मागितला. "पुष्कळ दिवस पाहुणचार झाला, बापाक. आता आज्ञा द्या." मार्तोरेजो काय म्हणणार होता? पाहुणा असता तर आग्रह करून ठेवून घेतला असता. पोसलेल्याला कसा आग्रह करायचा?

"कुठे जाणार?" वुर्यानी रुस्मीच्या मागे धावली. "रुस्मी, थांब गं. आता नाव लागलंय, तांदूळ येईल."

"कधी?"

वुर्यानी मनातल्या मनात मोजू लागली. सह्या, गोदामं, ट्रक. निदान दोन-तीन महिने.

"सेमारांगच्या बंदरावर हमाली मिळते म्हणतात," रुस्मी म्हणाली. "जा म्हणालीस, आलो. आता तू नऊ म्हणालीस." तिच्या आवाजात राग नव्हता, चिडवणंही नव्हतं, आणि त्यानेच वुर्यानी जास्त घाबरली. "म्हातारीला उचलायला हात लाव."

खोकणाऱ्या म्हातारीला दोघींनी मिळून बैलगाडीत बसवलं. धाकटी पोरगी मावशीला टाटा करत राहिली.

दुपार कलल्यावर बू एन्दांगची मोपेड परत आली. ती ओसरीच्या पायरीवरच थांबली, आत आली नाही.

"तुमच्या घरची गोष्ट माझ्याआधी गावभर पोचली होती," ती म्हणाली. "कोणी नीट बोलायलाच तयार नाही. जिथे जावं तिथे नवरा आणि बायको, बायको आणि नवरा. एकाने तर पोरांना मागच्या दाराने उसात पिटाळलं, मी बघत असताना." मग ती घुटमळली. "तुमची माणसं मला फाट्यावर भेटली. सामानसुमानासकट. गेलेली माणसं मला यादीत ठेवता येत नाहीत हो. आता इथे किती लिहू?"

मार्तोरेजो लेकीकडे वळला. "आपणच सांगा," तो म्हणाला. "आपल्याला सगळं आधी कळतं."

आईने चुलीवरून मोठं पातेलं उतरवलं आणि लहान शोधायला आत गेली. भांडी वाजत राहिली. एन्दांग पेन धरून थांबली होती.

"दोन," वुर्यानी म्हणाली.