नूरुन्निसाची भुतं

भुतांच्या सिनेमांच्या सहा व्हिडिओ कॅसेटचा मी एक जुना संच. घाबरू नका, मित्रांनो. माझ्यातल्या भुतांना आजवर कुणी घाबरलेलं नाही. जिने मला जमवलं, ती तर त्यांना पाहून पोट धरून हसायची. तिचं नाव नूरुन्निसा. माझी गोष्ट म्हणजे तिचीच गोष्ट आहे.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथे टीव्हीवर मध्यरात्रीनंतर स्वस्तातले भयपट लावत. नुसता सिनेमा लावला तर लोक झोपी जातील, म्हणून त्याला एक सूत्रधार असे. माझा सूत्रधार काळ्या झग्यातला लुकडा म्हातारा होता. त्याच्या खांद्यावर रबरी सरडा असायचा. पुठ्ठ्याच्या कबरींमध्ये बसून तो सिनेमाची ओळख करून द्यायचा, आणि मध्येच सिनेमा थांबवून त्याचीच टिंगल करायचा. लोकांना तो इतका आवडला की त्याच्या कॅसेट निघाल्या. सहाही कॅसेट ओळीने उभ्या केल्या की त्यांच्या कडांवर एक चित्र जुळायचं: लोखंडी फाटक, आत झाडं, झाडांआड घर. एखादी कॅसेट नसली तर चित्राला भगदाड पडायचं.

एका अमेरिकन इंजिनियरच्या सामानातून मी सौदी अरेबियात, समुद्रकाठच्या खोबर शहरात आलो. तो मायदेशी परतताना त्याने घरातलं सगळं विकलं आणि माझ्या कॅसेट निरनिराळ्या दुकानांत पांगल्या. खोबरच्या एका दुकानात माझी पहिली कॅसेट उस्मानच्या हाती लागली.

उस्मान श्रीवर्धनकडचा. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या कारखान्यात तो फिटर होता. नूरुन्निसा त्याची बायको. त्यांचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं होतं. तेव्हापासून नूरू दिवसभर भिंतीकडे बघत बसे. स्वयंपाक करी, नमाज पढे, विचारलं तर उत्तर देई. पण हसणं ती विसरलीच होती. घरात व्हीसीआर होता, म्हणून उस्मान तिच्यासाठी काहीतरी बघायला घेऊन आला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. वेष्टनावर झाडं दिसली, फाटक दिसलं. त्याला वाटलं, बागबगीच्याची कॅसेट असेल.

ती लावली आणि पडद्यावर कबरी आल्या. उस्मानला घाम फुटला. मूल गेलेल्या बाईला हे काय दाखवलं आपण! तो बंद करायला धावला. तेवढ्यात सूत्रधाराने हात वर करून भयंकर आवाज काढला आणि त्याच्या खांद्यावरचा सरडा घरंगळून थेट त्याच्या चहाच्या कपात पडला.

नूरू हसली. आधी हळूच, मग पदर तोंडाला लावून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"राहू द्या," ती म्हणाली. "बंद नका करू त्याला."

त्या दिवसापासून तो सूत्रधार तिचा मामू झाला, आणि तिने मला जमवायचं मनावर घेतलं. बाईमाणसाला एकटीने दुकानं पालथी घालता येत नसत, म्हणून उस्मान हिंडायचा. "घरात भुतं भरवायचा नाद लागलाय हिला," असं कुरकुरत जायचा, पण जायचा. काही दुकानदार नक्कल केलेल्या कॅसेट देत. त्यांत नुसता सिनेमा असे, मामू कापून टाकलेला. नूरू त्या परत पाठवी. "मामू नाय तर मी त्या भुतांचं काय करू?" असं विचारी. कुठल्या वेष्टनाचा रंग उन्हाने उडालेला, कुठे फीत सैल झालेली. ती पेन्सिल घालून फीत घट्ट करी, मऊ फडक्याने मला पुसे. शेवटची कॅसेट उस्मानला हुफूफ गावच्या बाजारात मिळाली. खजूर आणायला गेला होता. खजूर विसरला आणि कॅसेट तेवढी घेऊन आला.

हे सारं बघायला तिला एक सोबतीण होती, किशोरी. ती साताऱ्याची, खोबरच्या एका हॉस्पिटलात नर्स. नूरूचं मूल गेलं त्या वेळी तिच्या उशाशी बसून राहिली होती ती हीच. शुक्रवारी दुपारी किशोरी यायची. पडदे ओढायचे, चहा आणि तळलेल्या सांदणाचे तुकडे घ्यायचे आणि मला लावायचं. मामू काय म्हणतो ते किशोरी मराठीत सांगे.

"मामू म्हणतोय, हा राक्षस खरा वाटत नसेल तर जरा डोळे बारीक करून बघा."

"त्याला म्हणावं, तूच बघ," नूरू म्हणायची, आणि दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळायच्या.

मित्रांनो, मी सुखात होतो. नूरूला पुन्हा दिवस गेले होते.

मग नव्वद सालचा ऑगस्ट आला. इराकने कुवेत घेतलं. खोबरच्या रस्त्यांवरून रणगाडे जाऊ लागले. शेजारची कुटुंबं घाईघाईने सामान बांधू लागली. उस्मानला सुटी मिळेना. लढाई असो वा नसो, माणसांना पाणी तर लागतंच. त्याने नूरूचं तिकीट काढलं.

"मी नाय जायची," नूरू म्हणाली. "इथे हॉस्पिटल आहे, किशोरीताई आहे. गावात काय आहे? खाडी ओलांडल्याशिवाय डॉक्टर नाही."

"इथे बॉम्ब पडतील, नूरू! विषारी वायू सोडतील म्हणतात. तू आईकडे सुखरूप राहशील."

नूरूने किशोरीकडे पाहिलं. तिला वाटलं, ही तरी आपली बाजू घेईल. किशोरीने चहाचा कप खाली ठेवला.

"जा बाई तू," ती म्हणाली. "तुझ्या जिवाची काळजी करत मी इथे काम कशी करू?"

नूरूने सामान बांधायला घेतलं. सामानात जागा नव्हती, म्हणून तिने मला दुपट्ट्यात बांधून किशोरीच्या हाती दिलं. "एकटी बघू नको हां," एवढंच म्हणाली.

किशोरीने मला हॉस्टेलच्या कपाटात ठेवलं. जानेवारीत लढाई पेटली. भोंगे वाजू लागले, खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लागल्या. समुद्रावर तेलाचा काळा थर पसरला, आणि ते तेल कारखान्यात शिरू नये म्हणून उस्मान आणि त्याचे सोबती दिवसदिवस किनाऱ्यावर राबत होते. भोंगा झाला की किशोरी गॅसचा मुखवटा चढवून पलंगाखाली बसायची. एकदा आरशात स्वतःला बघून ती म्हणाली, "नूरू असती तर म्हणाली असती, हा बघ आपला राक्षस." आणि मग तिला रडू फुटलं.

त्याच दिवसांत उस्मान हॉस्पिटलच्या फाटकाशी आला. पुरुषांना हॉस्टेलकडे येऊ देत नसत, म्हणून किशोरी खाली गेली. परत आली आणि चपला न काढताच पलंगावर बसली. सोबतच्या नर्सने विचारलं, काय झालं? तेव्हा मला कळलं. गावी नूरू बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट. पण नूरूचा रक्तस्राव थांबेना. ओहोटीला होडी गाळात अडकली, पलीकडे जीप उभी होती, आणि खाडीच्या मध्यावरच सारं खलास झालं.

"आपल्या वॉर्डात असती तर वाचली असती गं," किशोरी म्हणाली. "रोजचं काम आहे हे आपलं."

उस्मानला मातीला जाता आलं नाही. कफील, म्हणजे ज्याच्याकडे पासपोर्ट ठेवावा लागे तो मालक, भला माणूस होता, त्याने पासपोर्ट लगेच काढून दिला. पण विमानतळ बंद होता. खोबरमध्ये नूरूच्या घराला, त्या गल्लीला, त्या हॉस्पिटलला लढाईचा ओरखडाही उठला नाही.

लढाई थांबली, विमानं सुरू झाली. मुलीला बघायला निघण्याआधी उस्मान पुन्हा फाटकाशी आला. किशोरीने मला त्याच्या हाती दिलं.

"तुमच्याकडेच ठेवा, सिस्टर."

"नको, उस्मानभाई. ती म्हणाली होती, एकटी बघू नको."

उस्मानने दुपट्ट्याची गाठ पुन्हा घट्ट केली.

"तिने तोंड उघडलं होतं," उस्मान म्हणाला. "आपण दोघांनी मिळून बंद केलं."

किशोरीने होकारार्थी मान हलवली. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही.

त्या शुक्रवारी उस्मानने रिकाम्या घरात मला लावलं. कळत त्याला एक शब्दही नव्हता. जिथे नूरू हसायची तिथे तो हसायला बघे. सहाही कॅसेट त्याने बघितल्या. मग त्या पुसून, ओळीने लावून पेटीत ठेवल्या.

आज मी श्रीवर्धनकडच्या घरात आहे. खारट हवेने माझ्या फितीवर बुरशी धरली आहे. मला चालवणारं यंत्र आता कुणाकडेही नाही. नूरूची मुलगी इफरा मोठी झाली आहे. परवा तिने मला उन्हात ठेवून पुसलं, आणि बापाला विचारलं,

"अब्बा, अम्मीला इथे यायचं होतं का?"

उस्मान आता म्हातारा झाला आहे.

"नाही, बेटा," तो म्हणाला. "तिने सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही."

इफराने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, मी वस्तू आहे. मला कुठे ठेवायचं, कुणाला द्यायचं, हे मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मला सांगता येत नाही. मला दमट हवेपासून जपा, अधूनमधून ऊन दाखवा, एवढं पुरे. पण ज्याला जीव आहे आणि वाचा आहे, त्याला जपायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं ऐका. उस्मानचं नूरूवर प्रेम होतं, किशोरीचंही होतं. त्या प्रेमापोटीच दोघांनी तिला विमानात बसवलं, आणि विमान सुटेपर्यंत ती काचेतून मागे बघत होती.