कुपवाडच्या शेडमधला ऑपेरा

मी एक स्पीकर आहे, माणसाच्या कमरेइतका उंच, आणि माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

माझी पहिली बारा वर्षं पाचगणीच्या एका निवासी शाळेत, संगीताच्या हॉलमध्ये गेली. तिथे माझ्यातून ऑपेरा वाजायचा, म्हणजे परक्या भाषेतलं, सगळं गाऊन केलेलं नाटक. शिक्षक आधी अर्धा तास माहिती सांगत. मुलं ती लिहून घेत. पाहुणे पहिल्या रांगेत बसून मांडीवरचा मोबाईल बघत आणि शेवटी ‘अप्रतिम’ म्हणत. काय अप्रतिम, ते एकालाही सांगता आलं नसतं.

हॉल नवा झाला आणि मी भंगारात निघालो. कुपवाडच्या आकाराम मालकांनी मला उचलून आपल्या लेथच्या शेडमध्ये ठेवलं. भोवती लोखंडाचा कीस आणि तेलाचा वास. कामगार केरबा त्याचा मोबाईल मला जोडून हलगी लावायचा. एकदा हलगी संपली आणि आपोआप एक बाई ऑपेरा गाऊ लागली.

पलीकडच्या मशीनवरून नाथाजीनं विचारलं, “का वरडाय लागलीया रं ही?”

“काय म्हाईत. पर लय ताकदीनं वरडती. ऱ्हाऊ दे.”

तेव्हापासून रोज तेच. केरबा मध्येच शिट्टी मारी, मध्येच चहा मागवी, एकच तुकडा सात वेळा लावी. इतका अडाणी श्रोता मी पाहिला नव्हता.

मग मालकांचा जावई विश्वजित आला. परदेशात शिकलेला. हसत म्हणाला, “अर्थ कळतो का? ती बाई मरतेय तिथं, आणि तुम्ही शिट्टी मारताय.” पुढे वीस मिनिटं त्यानं गोष्ट समजावली. ती दुसऱ्याच ऑपेराची होती.

केरबानं मोबाईल काढून खिशात घातला. महिनाभर शेडमध्ये नुसती मशीनची घरघर. तो डबाही एकटाच खाई.

शेवटी मालकच म्हणाले, “केरबा, लाव की तुझी ती बाई.”

“नगं मालक. मला त्यातलं कळत न्हाई.”

“मग मला कुठं कळतंय? आपुन काय परीक्षेला बसलोय व्हय?”

केरबानं मोबाईल जोडला. बाईचा सूर वर चढला तसं त्यानं मशीन बंद केलं. नाथाजीनंही केलं. तिघं तेलकट हात तसेच सोडून उभे राहिले.

आता माझ्या आतला कागदी पडदा फाटलाय. केरबानं तो सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलाय, तोही वाकडा. पण मला टाकून द्यायला तो तयार नाही.

तुम्ही शिकलेली माणसं. कधी कुपवाडला आलात तर शेडबाहेर उभं राहून खुशाल ऐका. अर्थ सांगायला तेवढं आत येऊ नका.