पुस्तकाची हजेरी

बॉयलरचं ते जाडजूड माहितीपुस्तक मार्कडाउनमध्ये आणायचं काम ताईंच्या गळ्यात पडलं, कारण ते लिहिणाऱ्या विभागातल्या त्या एकट्याच ऑफिसात उरल्या होत्या. मार्कडाउन म्हणजे संगणकावर मजकूर लिहायची तशी साधीच रीत. शीर्षकाआधी हॅशचं चिन्ह टाकायचं, दुसरीकडे कंसात त्या शीर्षकाचं नाव लिहायचं, की झाला दुवा. वाचणाऱ्यानं बोट लावलं की थेट तिथे. 'पान अमुक पहा' ही भानगडच संपली. ताईंनी पानांचे आकडे काढून सगळीकडे दुवे घातले. तपासणीच्या प्रोग्रामनं निर्वाळा दिला, एकही दुवा तुटलेला नाही. पुस्तक दुपारी कारखान्याकडे जायचं होतं.

तरी त्यांना चैन पडेना. जुनी खोड, दुसरं काय.

पूर्वी छपाईआधी पुस्तकाची हजेरी व्हायची. लांबलचक टेबलावर प्रुफं पसरलेली, पंख्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर निकामी पितळी कॉक ठेवलेले. विभागप्रमुख एका टोकाला उभे राहून संदर्भ पुकारायचे, ताई धावत जाऊन त्या पानावर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हजर." पान चुकीचं निघालं की ते म्हणत, "यानं दांडी मारली," आणि कानावरची लाल पेन्सिल काढत. बाकीचं ऑफिस त्यांना हजेरीमास्तर म्हणून हसायचं. हसेना का. ताईंच्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे दिवस तेच होते, पण तेव्हा कुणी सांगितलं असतं तर दुखऱ्या पायांपुढे त्यांना ते पटलं नसतं.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा "येत जाईन" असं ताईंनी तोंडभरून सांगितलं होतं. एकदाही गेल्या नाहीत. आधी सवड नव्हती, मग लाज वाटू लागली, आणि पुढे तर भीती. इतक्या वर्षांनी फोन करावा आणि उचलायला माणूसच नसावा, तर?

शेवटी मन घट्ट करून त्यांनी नंबर लावला.

"बोला." मास्तरांचाच आवाज, जरा बसलेला. ताईंच्या जिवात जीव आला.

"मास्तर, मी बोलतेय. बॉयलरच्या पुस्तकाची हजेरी घ्यायचीय. जुनी प्रत आहे ना जवळ?"

कशी आहेस, कुठे होतीस, काही नाही. नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "थांब, चष्मा घेतो."

मास्तर पुकारू लागले, ताई एकेका दुव्यावर बोट ठेवू लागल्या. हजर, हजर, हजर. मग मास्तर म्हणाले, "दाब वाढल्यास, बंद करण्याची पद्धत पहा."

"हजर."

"पहिली ओळ वाच."

"पंपाचा स्विच..." ताई थबकल्या.

'बंद करण्याची पद्धत' हे शीर्षक पुस्तकात दोनदा होतं, आधी पंपाच्या प्रकरणात, नंतर बॉयलरच्या. आकडे होते तोवर दोन्ही वेगळी ओळखू यायची. आता दुवा नुसतं नाव बघून पहिल्याच दारात शिरत होता. तुटलेला नव्हता, म्हणून प्रोग्राम खूश. आणि तापलेल्या बॉयलरपुढे उभ्या असलेल्या माणसानं आधी त्याला पाणी पुरवणारा पंपच बंद केला असता, खाली आग तशीच पेटती ठेवून.

त्यांनी दोन्ही शीर्षकांना वेगवेगळी खूण दिली, दुवा दुरुस्त केला आणि पुन्हा बोट ठेवलं. "आधी आग बंद करावी. हजर. पण मास्तर, तुम्हाला शंका कशी आली?"

"पहिल्या आवृत्तीच्या वेळीही तू इथेच पंपाशी जाऊन उभी राहिली होतीस."

दोघंही हसले, आणि हसता हसता ताईंचे डोळे भरून आले.

पुस्तक संपलं. "सगळे हजर?" मास्तरांनी विचारलं.

"सगळे."

"एक नाव राहिलंय. फार वर्षं दांडी मारलीय त्यानं."

"घर तेच ना, मास्तर?"

"घर कुठे जातंय?"

ताईंनी पुस्तक पाठवून दिलं आणि पर्स उचलली. संध्याकाळी मास्तरांच्या बायकोनं दार उघडलं, तेव्हा समोरच्या खुर्चीत मास्तर जुनी प्रत मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं.

"हजर," ताई म्हणाल्या.