झाकल्या परातीतला वाघ

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे आणि माझा स्वभाव पक्का संशयी आहे. काय करणार? धारूरच्या तांबटानं मला ठोकून घडवलं तेव्हापासून, माझ्यात काय पडणार हे कुणी आधी सांगितलंच नाही. निजामाच्या अमलात मी केसरबाईच्या घरी आले. वीस वर्षं तिनं माझ्यात भाकरीचं पीठ मळलं. गावातली लग्नंकार्यंही माझ्याविना झाली नाहीत.

एकदा केसरबाई धारूरच्या बाजारात तंबूतला बायस्कोप बघून आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दाराला कडी घातली. ज्वारीच्या पिठाची एक बाई घडवली, हळदीनं पिवळी केली, उकडली, कारळाचे डोळे लावले आणि माझ्यात ठेवली. भोवती शेपूचं रान. शेजारी पुरणाचा वाघ, अंगावर काकवीचे पट्टे. वरून फडकं झाकलं. अगं बाई! हळदीची बाहुली, बंद दार, झाकलेलं ताट! ही भानामतीच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्याची आजही लाज वाटते.

तिनं मला शेजारी रहेमतबीकडे नेलं. रहेमतबीचा नवरा इसाक सीताफळं विकायचा. तो नुकताच तापानं गेला होता. ती इद्दतीत बसली होती, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. तिनं अन्न सोडलं होतं. इसाकनं तिला बायस्कोप दाखवायचं कबूल केलं होतं.

"तुज्यासाठी बघून आले," केसरबाई म्हणाली. "ही राणी रानात एकली हाय. ह्यो वाघ टपलाय. तू वाघ खाल्लास तर ती वाचंल."

रहेमतबीनं आधी तोंड फिरवलं. मग वाघाचा कान मोडला. हळूहळू अख्खा वाघ संपवला.

मग दर बाजारानंतर नवा खेळ माझ्यात मांडला जाऊ लागला. दुखवट्याच्या घरी तमाशा नेते म्हणून लोक नावं ठेवतील, या भीतीनं फडकं मात्र कायम. तिथंच घात झाला. गावातल्या सुग्रीवची म्हैस आटली होती आणि कुणीतरी करणी केली असा त्याला संशय होता. रहेमतबीच्या हट्टापायी पुन्हा वाघाचा खेळ नेत होतो, तर त्यानं वाटेत फडकं उचललं आणि गाव गोळा केलं.

चावडीवर शहादेव पाटील गरजले, "भानामती करती व्हय? गावाबाहेर काढीन!"

"खायाचं हाय, पाटील. मी खाऊन दाखवते."

"करणी करणारीला करणी बाधत न्हाई," सुग्रीव म्हणाला. "दुसऱ्या कुणी खावं!"

कुणी हात पुढे केला नाही. माझ्यातलं वीस वर्षं जेवलेली माणसं मागे सरली. मला लई वाईट वाटलं.

तेवढ्यात बुरखा घेतलेली रहेमतबी आली.

"कावून आलीस गं? तुजी इद्दत..." केसरबाई म्हणाली.

"तू चूप बैस, आक्का." तिनं वाघ उचलला, बुरख्याआड नेला आणि सगळा खाल्ला. मग म्हणाली, "म्हशीचं मला ठाव न्हाई, पाटील. मी यावरच जगले."

पाटील माझ्यापाशी आले. मग राणीचा हात मोडून त्यांनी तोंडात टाकला.

"मीठ कमी हाय," म्हणाले, आणि घरी गेले.

मित्रांनो, आता मी माळ्यावर पडून आहे. मला खाली काढा, चिंचेनं घासा, कल्हई करा. आणि शेजारी कुणी उपाशी बसलं असेल, तर मला भरून तिकडे न्या. वरून फडकं मात्र झाकू नका.