माझ्या पोटातला दिवा

मी एक जुना ड्रम आहे, मित्रांनो, आणि माझा आवाज मोठा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी कानावर हात ठेवून तक्रार करायला नको. हळू बोलणं मला जमतच नाही. हळू बोलणारं कुणी हवं असेल तर बासरीकडे जा.

रेडी गावात महादू परबाच्या ओटीवर मी राहतो. माझ्या शेजारी एक बारका ड्रम आहे. तो सारखा तडतडत असतो, म्हणून घरात त्याला तडतड्याच म्हणतात. शिवाय एका दांडीवर पितळेची झांज आहे. आम्ही तिघे मिळून ड्रमसेट. पण सख्खी भावंडं नव्हे हं! तिघांची घरं तीन, गावं तीन. महादूने आम्हाला गोळा करून एका घरात नांदायला लावलं.

माझा जन्म विलायतेतला. एका कारखान्यात लाकूड वाफेवर वाकवून माझं गोल अंग केलं, दोन्ही तोंडांवर कातडं ताणलं आणि पुढच्या तोंडावर एका रंगाऱ्याने पांढरी बोट आणि पिवळा चंद्र रंगवला. चित्र काय झकास होतं म्हणून सांगू! आणि खरी गंमत माझ्या पोटात होती. तिथे विजेचा एक दिवा बसवला होता. तो लावला की चित्र उजळायचं आणि त्याच्या उबेने कातडं कोरडं राहायचं. कातड्याचं असं आहे, की हवा ओली झाली की ते ढिलं पडतं, आणि ढिल्या कातड्याचा ड्रम नुसता धप्प धप्प करतो.

पुढे मी एका मोठ्या उतारू बोटीवर चढलो. संध्याकाळी साहेब आणि मडमा नाचायच्या आणि गोव्याचा मिंगेल मला वाजवायचा. महादू त्याच बोटीवर बशा धुवायला होता. काम उरकलं की येऊन दारात उभा राही आणि बोटांनी दारावर ठेका धरी. मिंगेलने ते पाहिलं आणि त्याला शिकवायला घेतलं. पुढे बोटीवर नवा, चकचकीत ड्रमसेट आला आणि मला समुद्रात फेकायचा हुकूम झाला. मला! इतकी वर्षं ज्याच्या तालावर अख्खी बोट नाचली त्याला! महादू धावत आला आणि म्हणाला, "फेकू नका, माका दिया."

अशा रीतीने मी मुंबईला उतरलो. दर सुट्टीत महादू जुन्या बाजारात फिरायचा. तिथे एका पिंपाखाली तडतड्या सापडला आणि मोडलेल्या एका बँडच्या सामानात झांज सापडली. नव्या ड्रमांकडे तो ढुंकून पाहत नसे. म्हणायचा, "जुन्या लाकडाक बोलूक येता. नव्याची नुसती बडबड."

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात आम्ही बोटीने वेंगुर्ल्याला आणि तिथून बैलगाडीने रेडीला पोचलो. गावात वीज नव्हती, म्हणून माझ्या पोटातला दिवा विझलेलाच राहिला. महादूची आई हौसाबाई दारात उभी होती. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "ह्यां काय हाडलंस रे? भाताचो कणगो?" मला धान्याचा कणगा म्हणाली ती! झांजेचं तर विचारूच नका. दुसऱ्याच दिवशी ती बांगड्याच्या कालवणावर झाकण म्हणून बसली होती. महादूने ओरडाआरडा करून तिची सुटका केली, पण तिला बांगड्याचा वास आठवडाभर येत होता.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला महादूने आम्हाला बैलगाडीवर चढवलं आणि देवळापासून दर्यापर्यंत वाजवत नेलं. गाव थक्क झालं. बाबली गावकर हे गावचे मानकरी. सुरुवातीला ते नाक मुरडत होते, पण शेजारच्या गावची माणसं माझा आवाज ऐकून बघायला धावत आली, तशी त्यांची छाती फुगली. "आमचो ड्रम, आमचो ड्रम" करत ते गाडीच्या पुढे चालले. तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला माझीच गाडी पुढे.

पण महादू पडला बोटीवरचा माणूस. पौर्णिमेला सुट्टी जुळवून यायचा आणि परत जायचा. मग मला सांभाळायचं कोणी? त्याच्या बायकोने, सुभद्राने. जाताना त्याने तिला बजावून सांगितलं, "तेल लावू नको. कोरड्या फडक्यान पूस. शेक देवचो झालो तर मधी हात धर. हाताक सोसता तितक्याच चामड्याक सोसता. आणि रोज वाजय, नाय वाजवलंस तर तो मरतलो. चित्रार मात्र काठी मारू नको हां!"

सुभद्राने हे सगळं मनापासून पाळलं. तेव्हा रेडीच्या बंदरात लोखंडाची माती बोटींत भरायला सुरुवात झाली होती. वारा सुटला की तांबडी धूळ घराघरात शिरायची. सुभद्रा रोज माझ्या अंगावरची धूळ पुसायची, मग काष्टा आवरून स्टुलावर बसायची आणि वाजवायची. महादूने शिकवलेला ठेका तिने महिनाभरात हस्तगत केला. त्यानंतर मात्र ती आपला ठेका वाजवायला लागली. समोरासमोर उभ्या राहून दोघी भात कांडतात ना, एकीचं मुसळ वर, एकीचं खाली, तो ठेका. मी विलायतेत जन्मलो, पण असला ठेका माझ्या बापजन्मात ऐकला नव्हता. एकदा हौसाबाई सूप घेऊन पडवीत बसली होती. तिचे हात थांबले. "अगो, ह्यां तर आमचां कांडाप!" ती म्हणाली आणि त्या दिवसापासून तिने मला कणगा म्हणणं सोडलं.

पण गावाच्या लेखी मी महादूचाच ड्रम होतो. सुभद्राचं वाजवणं चार भिंतींच्या बाहेर कोणी मोजलंच नव्हतं. तिला ते खुपायचं. बोलायची नाही, पण काठी जरा जोरात पडली की मला कळायचं.

एकसष्ट साली महादूची बोट दूरच्या बंदरात दुरुस्तीला अडकली. पौर्णिमेला तो येत नाही, असा निरोप आला. यंदा बांदा गावचे वाजंत्री आणायचं ठरवून बाबली गावकर ओटीवर आले आणि म्हणाले, "औंदा बांद्याचे वाजपी बोलयतंय. म्हादू नाय तर ड्रम कोण वाजयतलो?"

"कित्याक गावकारांनू? मी आसंय मा," सुभद्रा आतून म्हणाली.

बाबली हसले. मग ती गंमत करत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. "आणि गाराण्यात नाव कोणाचां घेवचां?" त्यांनी विचारलं.

गाऱ्हाणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या पोरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. गाडी निघण्यापूर्वी मानकरी देवीपुढे उभा राहतो आणि साऱ्या गावाच्या वतीने मोठ्याने तिची विनवणी करतो. ज्याच्या हातून सेवा व्हायची त्याचं नाव त्यात घेतात आणि दर वाक्याला गाव "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतं. नाव घेतलं नाही तर सेवा नाही.

"बायलमाणसाचां नाव आजपर्यंत गाराण्यात कोणी घेवक नाय," बाबली म्हणाले.

"मगे औंदा घेवा," सुभद्रा म्हणाली.

बाबलींनी डोकं खाजवलं. शेवटी म्हणाले, "पुनवेक सकाळी देवळाफुडे वाजवन दाखय. गावाक पटलां तर बघूया. नाय तर बांद्याचे वाजपी आसतलेच."

ती ओटीवर आली आणि माझ्या कडेवर हात ठेवून उभी राहिली. बोटांनी ठेका धरायला गेली आणि दोनदा चुकली. मला म्हणायचं होतं, घाबरू नको गो, मी आहे!

पौर्णिमेच्या पहाटेपासून पाऊस कोसळत होता. माझं कातडं ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. सुभद्रा विहिरीवर अंघोळीला गेली होती. हौसाबाईने मला बोटाने टकटक केलं आणि ऐकलं, धप्प. म्हातारी कासावीस झाली. तिचा बाप गावचा ढोल वाजवायचा. पावसात ढोल ढिला पडला की तो पेंढा पेटवून शेकवायचा, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. तिने माळ्यावरचा सुका पेंढा काढला, अंगणातल्या मांगरात, म्हणजे खोपटात, पेटवला आणि मला लोटत नेऊन माझं वाजवायचं तोंड जाळापुढे धरलं. ढोलाचं कातडं जाड, राकट. माझं पातळ. मी ताणत गेलो, ताणत गेलो, हौसाबाई खूश होत गेली, आणि फाट्‌! माझं तोंड या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलं.

सुभद्रा ओल्या केसांनी धावत आली. हौसाबाई जमिनीवर बसून रडत होती. "म्हादू सांगी, ह्येच्या पोटात दिवो होतो म्हणान. हंय वीज खंय? माका वाटलां, दिवो नाय तर आग बरी. मीच फाडलंय गो तुझां!"

सुभद्रा माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. आता ही ओरडणार, असं मला वाटलं. पण ती सासूजवळ बसली, तिचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "आये, तुका खंय भाजला नाय मा?"

मग ती उठली. फाटलेलं कातडं तिने विळीने कापून काढलं आणि मला फिरवलं. चित्राचं तोंड आता वाजवणाऱ्याकडे आलं.

"चित्रार मारतलंस?" हौसाबाई दचकली. "म्हादू काय म्हणात?"

"तेंका काय सांगूचां तां मी बघतंय," सुभद्रा म्हणाली. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे. तिने विस्तवाचे चार निखारे घमेल्यात घेतले, मध्ये स्वतःचा तळवा धरला आणि तळव्याला सोसेल तेवढ्याच उबेवर मला हळूहळू सुकवलं. चावीने स्क्रू आवळले.

खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. ती बोट, तो चंद्र म्हणजे माझा चेहरा. त्यावर आजवर कोणी फुंकरसुद्धा जोरात घातली नव्हती.

देवळापुढे सारं गाव छत्र्या घेऊन जमलं होतं. बांद्याचे वाजपी पायरीवर बसले होते. सुभद्रा ताडपत्री ताणलेल्या गाडीत चढली आणि स्टुलावर बसली. तिने माझा टोला मारणारी पायपट्टी दाबली. पहिला टोला चंद्रावर पडला.

धम्‌!

मित्रांनो, तो माझाच आवाज यावर माझाच विश्वास बसेना. दोन तोंडं असताना मी घुमायचो. एका तोंडाने मी थेट बोललो. तडतड्या मध्ये घुसला, झांज किणकिणली आणि सुभद्राने कांडपाचा ठेका धरला. बायकांच्या घोळक्यात एकदम हालचाल झाली. तो ठेका त्यांच्या दंडात लहानपणापासून मुरलेला! माना डोलायला लागल्या. बांद्याचा एक वाजपी मांडीवर ताल धरून बसला आणि आपलं वाद्य पिशवीतून काढायचं विसरला.

ती थांबली. बाबली देवीपुढे उभे राहिले आणि हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आई माउली! आज पुनवेचो नारळ दर्याक देतंव..."

"व्हय म्हाराजा!"

"होडयेक, जाळ्याक, झिला-चेडवांक सांभाळ..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही आमची... ही म्हादूची..." बाबली अडखळले. "व्हय म्हाराजा" कुठे म्हणायचं ते गावाला कळेना. सुभद्राने खाली मान घातली.

तेवढ्यात बायकांमधून हौसाबाईचा आवाज आला, "सुभद्रा! सुभद्रा नाव तिचां!"

बाबलींनी वळून पाहिलं. मग छातीभर श्वास घेतला. "ही आमची सुभद्रा आज ड्रम वाजवन तुझी सेवा करता. ती मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं. त्यात बायकांचे आवाज होते, आणि सर्वांत मोठा हौसाबाईचा. त्या दिवशी मी दर्यापर्यंत वाजत गेलो, आणि बांद्याचे वाजपी आमच्या मागून साथ करत आले.

महिन्याने महादू परतला. ओटीवर त्याने मला पाहिलं. चंद्र उडाला होता, बोटीचा अर्धा भाग गेला होता.

"चित्रार मारलंस?"

"होय," सुभद्रा म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं.

त्याने उरलेल्या अर्ध्या बोटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "वाजय बघूया." तिने वाजवलं. महादूने नंतर फाटलेल्या तोंडाला नवं कातडं आणून बसवलं, पण चित्र पुन्हा रंगवलं नाही. गाडीवर त्यानंतर सुभद्राच बसते.

गेल्या वर्षी आमच्या गावात वीज आली. महादूने माझ्या पोटात नवा दिवा बसवला आणि तिन्हीसांजेला लावला. अर्धी बोट उजळली. पण सर्वांत जास्त उजेड पडला तो सुभद्राच्या टोल्यांनी रंग झिजवला होता तिथून. महादू, सुभद्रा आणि हौसाबाई तिघंही ओटीवर बसून बघत होती. हौसाबाईने माझ्यापुढे तळवा धरून ऊब पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

तर मित्रांनो, जुनं वाद्य मिळालं तर ते कोरड्या फडक्याने पुसा, आगीपासून दूर ठेवा, ओल लागू देऊ नका. पण वाजवा! फडताळात ठेवून त्याला मारू नका. आणि ते दुसरं कोणी वाजवत असेल, तर ऐकून झाल्यावर आधी तिचं नाव विचारा.