कलमरावांचं बारावं कलम

दस्तऐवज लिहिण्यात कलमरावांचा हात धरणारा कोणी नव्हता. कचेरीसमोर टेबल टाकून पस्तीस वर्षं त्यांनी खरेदीखतं, भाडेकरार, मृत्युपत्रं लिहिली, आणि त्यांचं खरं नाव लोक पार विसरून गेले. माणूस सरळ, पण अटी-शर्तींशिवाय त्याला घास उतरायचा नाही. लेक जन्मली तेव्हा या गृहस्थाने काय करावं? थेट देवाशीच करारनामा केला! देवाने लेकीला सुखरूप ठेवावं. कलमरावांनी खोटं बोलू नये, उपासना चुकवू नये, विश्रांतीच्या दिवशी, म्हणजे रविवारी, लेखणी हातात धरू नये, अशी एकंदर बारा कलमं. बारावं त्यांचं लाडकं, सगळ्याच कागदांत घालायचे ते: 'एकाही अटीचा भंग झाल्यास करार आपोआप रद्द समजावा.' खाली डावीकडे स्वतःची सही ठोकली आणि उजवीकडची जागा देवासाठी मोकळी सोडली.

तीस वर्षं तो कागद खिशात, आणि तीस वर्षांत पठ्ठ्याने एक कलम मोडलं नाही. त्यांची बायको रविवारी प्रार्थनामंदिरात मुलांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. ती हसायची. "देवाला भाडेकरू समजलात की काय?"

मग तो रविवार आला. उपासनेहून परतून जेवायला बसतात न बसतात तोच लेकीला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात जावई तिच्याबरोबर आत गेला आणि खिडकीतल्या नर्सने कलमरावांपुढे फॉर्म सरकवला. कागद दिसला की यांचा हात आपोआप खिशाकडे जाणार. टपोऱ्या अक्षरांत नाव, वय, पत्ता, रक्तगट. रिकाम्या जागांत मागून कुणी काही घुसडू नये म्हणून आडव्या रेघा. नर्स म्हणाली, इतका देखणा फॉर्म आजवर कुणी भरला नव्हता. कलमरावांनी खुशीत पेनाला टोपण लावलं, आणि नजर गेली भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. तांबडा आकडा!

पाचावर धारण बसली त्यांची. बाकावर बाईंशेजारी येऊन बसले तेव्हा चेहरा पांढराफटक.

"अगं, मी लेखणी धरली. रविवारी. बारावं कलम लागू झालं."

बाईंना हसू फुटणारच होतं, पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्या जवळ सरकल्या.

"ती आत आहे," कलमराव म्हणाले, "आणि तिचं संरक्षण मी माझ्या हाताने रद्द केलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शास्त्रातल्या त्या निपुत्रिक म्हाताऱ्याची गोष्ट आठवते? देवाने ज्याला तारे मोजायला सांगितले, तुझा वंश एवढा वाढवीन म्हणाला?"

"तारे माहीत आहेत. पुढे आलेल्या दहा आज्ञा तर तोंडपाठ आहेत."

"तुम्ही मेले कलमंच वाचता, मधलं सोडून देता. त्या काळी करार करताना जनावरं कापून दोन बाजूंना मांडायची आणि दोघांनी मधून चालत जायचं. शब्द मोडेल त्याचीही हीच गत."

"दंडाचं कलम," कलमराव पुटपुटले.

"हं. म्हाताऱ्याने मांडामांड केली आणि मग त्याला झोप लागली."

"ऐन सहीच्या वेळी?"

"गाढ. देवानेच झोपवला. आणि मधून गेला तो एकटा देव, जाळ होऊन."

कलमरावांच्या डोक्यात पस्तीस वर्षांचा अनुभव फिरू लागला.

"म्हणजे सही एकाच पक्षाची. देणाऱ्याची."

"तेच तर."

"मग तो करारनामा कसला? बक्षीसपत्र झालं ते. घेणाऱ्याने नुसते हात पुढे करायचे."

"पाच वर्षांच्या पोरांना हे लगेच कळतं," बाई म्हणाल्या.

"पण मग आज्ञा कशाला दिल्या?"

"बक्षीस मिळालेलं घर माणूस झाडून-पुसून ठेवतो ना? झाडलं म्हणून मिळालं, असं असतं का?"

आतलं दार अजून बंद होतं. काही कळत नव्हतं. कलमरावांनी खिशातला जुना कागद काढला, मांडीवर उलगडला आणि बाराव्या कलमावर सरळ रेघ मारली. खाडाखोडीशेजारी छोटी सही करायलाही विसरले नाहीत.

"गेली भीती?" बाईंनी विचारलं.

"कुठली जाते? पण आता लेकीसाठी भीती वाटते. कागदाची नाही." असं म्हणून त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला, आणि दोघं तसेच बसून राहिले.

तासाभराने जावई बाहेर आला, हसत आणि रडतही. "मुलगी झाली, बाबा. दोघी ठणठणीत आहेत."

पुढच्या रविवारी दुपारी बाईंनी मुद्दामच खोडी काढली. "काय हो, बारावं कलम तर खोडलंत. आता लिहायला बसायला हरकत नाही."

"लेखणीचं कलम अजून आहे ना."

"मोडलं तर?"

"मोडलं तर काही रद्द होत नाही. म्हणून तर पाळावंसं वाटतं." कलमरावांनी दोन्ही तळव्यांवर झोपलेल्या नातीकडे पाहिलं. "आणि लेखणी धरायला हात कुठे रिकामे आहेत?"