पिवळं पाणी

देवगाव रंगारीत बद्रीनाथच्या अंगणात सकाळपासून बायकांची रांग होती. काविळीच्या रोग्याचे हात औषध चोळून तो परातीत धुवायचा आणि स्वच्छ पाणी बघता बघता हळदीसारखं पिवळं व्हायचं.

"देखो अम्मा, बीमारी उतर रई," तो मेहरुन्निसाला म्हणाला. "सात दिन में सफा. सुई नक्को, गोली नक्को."

परातीपुढं तिची सून नौशीन बसली होती. सातवा महिना, डोळे पिवळेजर्द. आज तिसरा दिवस. पाणी रोज पिवळं होत होतं, पण नौशीन आता हाक मारली तरी उशिरा ओ देत होती.

मेहरुन्निसानं तिला आधी शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर कागदाकडं बघत अर्धं इंग्रजीत काहीतरी बोलला आणि कागद तिच्या हातात दिला. बाई डॉक्टर तपासेल का, असं तिनं विचारलं, तोवर पुढच्या पेशंटला हाक गेली होती. बद्रीनाथनं मात्र चटई टाकली, तिच्याच बोलीत विचारपूस केली.

गरोदर बायकांच्या घरभेटीला निघालेली आरोग्यसेविका निशा त्यांना शोधत तिथं आली. नौशीनचे डोळे बघून तिनं आधी रुग्णवाहिकेला फोन लावला. मग बद्रीनाथपुढं हात केले.

"मला कावीळ नाय. माझे धुवा."

"निरोग्याचं पाणी सादंच राहतं, ताई."

"मंग धुवा की."

तो उठायला लागला. निशानं त्याच्या वाटीतलं औषध स्वतःच्या हातांना चोळलं आणि हात पुढच्या रोग्यासाठी भरून ठेवलेल्या परातीत बुडवले. पाणी पिवळं झालं. रांगेतल्या बायका परातीजवळ सरकल्या.

"ह्यो आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस, आन परातीत चुन्याची निवळी," ती बायकांना म्हणाली. "दोन्ही मिसळले की रंग येतो. कुणाचेबी हात धुवा."

मग तिनं मेहरुन्निसाजवळ बसून शहरातला कागद वाचला. "खाला, इसमें लिखा है, आजच भरती करो. पेट से औरत कू ये पीलिया जान लेता."

"ये बात मेरेकू कोईच नई बोला," मेहरुन्निसा म्हणाली.

नौशीन त्याच दिवशी भरती झाली, पण बाळ गेलं. ती अठरा दिवसांनी घरी आली.

"तीन दिन पैले किधर थे तुम?" मेहरुन्निसानं निशाला विचारलं. आता निशा कुणालाही नुसता कागद देत नाही. त्याच्या बोलीत सांगते आणि काय समजलं ते त्याच्याच तोंडून ऐकते.

मेहरुन्निसाही दारोदार सांगत फिरते: डोळे पिवळे दिसले की रक्त तपासा. डॉक्टरचं बोलणं कळलं नाही, तर उठू नका. कळेपर्यंत विचारा.